मण्यारीने दाखवलेली वाट

दसरा उलटला की पाटोदा तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. मांजरा नदी उगम पावते याच तालुक्यात, पण बालाघाटाच्या माळावरची शेती मात्र पावसाच्या भरवशावर. मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राची, कर्नाटकाची वाट धरतात. उसाच्या फडाजवळ कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, उभी राहते आणि अंथरूण जमिनीवर पडतं.

मण्यार या विषारी सापाशी गाठ पडते ती अशाच ठिकाणी. ती रात्री फिरते. तिचा दंश पुष्कळदा झोपेत कळतसुद्धा नाही. पहाटे पोटात कळ, पापण्या जड, बोलणं बोबडं, मग श्वास अडतो. मज्जातंतूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचतच नाही.

हा हुकूम म्हणजे ॲसिटाइलकोलीन हे रसायन. ते झेलणारी ग्राहकं स्नायूवर एकाच ठिपक्यात दाटलेली असतात. 1963 मध्ये तैवानच्या चँग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून बंगारोटॉक्सिन वेगळं केलं. ते या ग्राहकांना असं चिकटतं की सुटता सुटत नाही. त्याला चमकता रंग जोडला की सूक्ष्मदर्शकाखाली ग्राहकं उजळतात. जीवघेण्या विषाचा याहून चांगला उपयोग क्वचितच झाला असेल!

पण ग्राहकांना एका जागी गोळा कोण करतं? अमेरिकेत मॅकमहन यांच्या गटाने विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पीडो माशापासून एक प्रथिन मिळवलं. 1987 मध्ये त्याचं नाव ठरलं ॲग्रिन. मज्जातंतू ते स्रवतो आणि स्नायूवरचं मस्क नावाचं एन्झाइम जागं होतं. ते आधी स्वतःवर आणि मग इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवतं, तेव्हा ग्राहकं एकवटतात. 1996 मध्ये मस्क नसलेले उंदीर घडवले, तर ते जन्मताच मेले. फुप्फुसं होती, श्वासपटल होतं. मज्जातंतूशी जोड तेवढी नव्हती.

मण्यारीच्या विषात आणखी एक घटक असतो, तोही एन्झाइमच. तो मज्जातंतूची टोकंच नासवतो. परळच्या हाफकिन संस्थेत, म्हणजे 1899 मध्ये प्लेगसाठी निघालेल्या प्रयोगशाळेत, सर्पदंशावरच्या औषधाचं मोठं काम झालं. पण नासलेली टोकं या औषधानेही परत येत नाहीत. ती पुन्हा वाढेपर्यंत रुग्णाला कित्येक दिवस व्हेंटिलेटर लागू शकतो. म्हणून दंशच टाळायला कोपीत खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हवी. पहाटे पोटात कळ येऊन पापण्या मिटू लागल्या, तर दंशाची खूण शोधत किंवा मांत्रिकाकडे जात वेळ घालवू नका. थेट व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठा.