फॉरमॅट मारल्यावर मराठी कुठे जाते?

लॅपटॉप स्लो झाला? फॉरमॅट मार. व्हायरस आला? फॉरमॅट मार. एकेकाळी हा आपल्याकडचा रामबाण उपाय होता. दोनेक तासात मशिन नव्यासारखं पळायला लागायचं आणि मग संध्याकाळी कोणीतरी डीव्हीडी घालायचं आणि ती चालायची नाही. हे का व्हायचं, याचा इतिहास मजेशीर आहे, आणि त्याचा एक धागा थेट आमच्या कांजूरमार्गच्या आसपास येतो. म्हणून आजचा वीकेंड त्याला.

आधी डीव्हीडीचं बघू. विंडोज एक्सपी (२००१) मध्ये डीव्हीडीचा एमपेग-२ व्हिडिओ उलगडणारा डीकोडर नव्हताच. त्याचं लायसन्स वेगळं. लॅपटॉप कंपनी पॉवरडीव्हीडी किंवा विनडीव्हीडी सोबत टाकून द्यायची, ती गोष्ट त्यातून मिळायची. सीडी बर्न करायला नीरो किंवा रॉक्सिओही असंच फुकट आलेलं. आपल्याला वाटायचं हे सगळं 'विंडोजमध्येच' आहे. साधी एक्सपी टाकली की कळायचं, नाही बुवा, ते पाहुणे होते.

मग ते परत आणायचे कुठून? २००० च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने पायरसीला आळा घालण्यासाठी मोठ्या कंपन्यांना विंडोजची पूर्ण सीडी देणं बंद करायला लावलं. द्यायची तर त्याच मशिनवर चालणारी रिकव्हरी सीडी, नाहीतर हार्ड डिस्कवर लपवलेलं पार्टिशन. एचपीला एफ११ दाबायचं, एसरला ऑल्ट-एफ१०, डेलला कंट्रोल-एफ११. गंमत अशी, की नवी विंडोज टाकताना मास्टर बूट रेकॉर्ड बदलला की बऱ्याच मशिन्सवर पार्टिशन जागच्या जागी राहायचं पण बटण मुकं व्हायचं. आणि फॉरमॅटवाला जरा जास्तच उत्साही असला, तर 'ही जागा फुकट चाललीये' म्हणून पार्टिशनच उडवून टाकायचा. (वर 'आठ जीबी वाढवून दिले' हे ऐकवायचा.) एचपीवाल्यांचं नशीब त्यातल्या त्यात बरं, सी ड्राइव्हवर 'एसडब्ल्यूसेटअप' नावाच्या फोल्डरात सगळ्यांचे सेटअप असायचे, फॉरमॅटच्या आधी ते कॉपी करून ठेवलं की झालं.

आता मराठीकडे. विंडोज २००० पासून देवनागरी आली, सोबत मंगल फॉन्ट. हा फॉन्ट र. कृ. जोशी यांचा. कवी, सुलेखनकार, आणि पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीत कित्येक वर्षं शिक्षक. कांजूरमार्ग स्टेशनला उतरून रिक्षाने ज्या गेटवर जातात तीच आयआयटी. ते २००८ साली गेले. आज सरकारी जीआरपासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत त्यांचं अक्षर आपण इतकं बघितलंय, की ते कुणीतरी काढलंय हेच लक्षात येत नाही.

पण एक्सपीत ही देवनागरी आपोआप चालू नसायची. कंट्रोल पॅनेल, रिजनल सेटिंग्ज, तिथे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'समोर टिक. टिक केली की विंडोज म्हणणार, सीडी घाला. सीडी तर कंपनीने दिलेलीच नाही! मूळ इन्स्टॉलेशनमध्ये 'आय३८६' नावाचं फोल्डर डिस्कवर असायचं, त्यातून या फाइली मिळायच्या. ते पुसलं गेलं की कुठे चौकोन, कुठे पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा आली तेव्हा हे दुखणं संपलं. व्हिस्टाला लोकांनी कितीही शिव्या घातल्या तरी मराठीसाठी मी तिचा ऋणी आहे :)

हे झालं युनिकोडचं. त्याआधीचं मराठी याहून नाजूक.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. एलबीएस मार्गावरच्या कारखान्यात नोकरी केली, निवृत्तीनंतर आठवणी टाइप केल्या, दोनशेच्या वर पानं. लॅपटॉपसोबत दुकानदाराने एक मराठी सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं, त्यात. २००६ मध्ये मशिन फॉरमॅट झालं. फाइल सीडीवर सुरक्षित होती, पण उघडली तर नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. काकूंनी मला बोलावलं तेव्हा काका बोलतही नव्हते.

मजकूर गेलेला नव्हताच. तेव्हाच्या फॉन्टमध्ये २५६ घरं असायची आणि इंग्रजी अक्षरांच्या घरात देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. 'इस्की' हे प्रमाण १९९१ पासून होतं, पण फॉन्टमधल्या घरांचा क्रम प्रत्येक कंपनीचा निराळा. त्यामुळे तो नेमका फॉन्ट नसेल तर फाइल मुकी. सुदैवाने वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत, फॉन्ट मशिनवर नसला तरी, त्याचं नाव तसंच दिसतं. त्या नावावरून एका छापखान्यातून फॉन्ट मिळवला, फॉन्ट्स फोल्डरात टाकला, आणि स्क्रीनवर एकदम 'माझी पहिली पाळी सकाळी सातची' वगैरे दिसायला लागलं. काका खुर्ची ओढून पुढे आले.

वाचता येत होतं, पण दुरुस्ती करायची तर मूळ सॉफ्टवेअर हवं, आणि पुढचा फॉरमॅट कधी होईल सांगता येत नाही. म्हणून मी पर्लमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली. तुकड्याला युनिकोड अक्षर, हा तक्ता सोपा. त्रास दोन गोष्टींचा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर हवी. रफार याच्या बरोबर उलट: तिथे अक्षरानंतर, इथे आधी. 'कीर्ती' सारखा शब्द नीट आला की समजायचं, स्क्रिप्ट वळणावर आली. चार रविवार गेले.

शेवटी अडकला तो 'वऱ्हाड', 'तऱ्हा' मधला अर्धा र. युनिकोडमध्ये त्याला नुक्त्याचा ऱ आणि हलन्त लागतो, आणि माझा तक्ता तिथे साधा रफार करून ठेवत होता. ती ठिकाणं मी काकांनाच शोधायला दिली. त्यांनी प्रिंटआउटवर लाल पेनाने गोल करून आणले, आणि जाता जाता तिसऱ्या प्रकरणात दोन नवे परिच्छेदही लिहून दिले.