पर्गोला: आधी वेल, मग खांब

बंगल्याच्या बागेत चार खांब उभे करायचे, वर फळ्यांची उघडी चौकट टाकायची आणि तिला पर्गोला म्हणायचं, ही आता रीतच झाली आहे. दुपारी खाली बसलं की अंगावर उन्हाचे पट्टे पडतात. मग घरमालक वर हिरवं शेडनेट ताणतो. पर्गोल्याचं कूळ विसरलं की हे असंच व्हायचं. ही चौकट मुळात माणसांसाठी नव्हतीच. ती होती द्राक्षवेलीसाठी.

इजिप्तमध्ये असे द्राक्षमांडव फार जुने. इ.स.पू. १४००च्या सुमारास थीब्जचा नगरप्रमुख असलेल्या सेन्नेफरच्या थडग्याचं छत ओबडधोबडच ठेवून त्यावर घड रंगवले आहेत. खडकाच्या उंचसखलपणामुळे ते खरंच लोंबताहेत असं वाटतं.

मांडवाखाली बैठक थाटण्याची हौस रोमनांनी पुरेपूर भागवली. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात नावारूपाला आलेल्या धाकट्या प्लिनीने एका पत्रात आपल्या बागेचं वर्णन केलं आहे. संगमरवरी खांब चार, त्यांवर द्राक्षवेल, खाली पांढऱ्या संगमरवराची अर्धगोल बैठक. समोरच्या कुंडाच्या काठावर जड पदार्थ मांडायचे. हलके पदार्थ नावेच्या नि पक्ष्यांच्या आकाराच्या भांड्यांतून पाण्यावर तरंगत यायचे!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये हेस्टरकूमच्या बागेत गर्ट्रूड जेकिल आणि एडविन लट्येन्स (पुढे नवी दिल्लीचे शिल्पकार) यांनी दगडी खांबांचा लांबलचक पर्गोला उभारला. तिथेही मान वेलींचाच होता. पुढे तयार सांगाडे विकत मिळू लागले आणि वेल मागे पडली.

इटलीत द्राक्षवेल उन्हाळ्यात पानांनी भरते आणि थंडीत पानं झडून ऊन खाली येऊ देते. आपल्याकडे मात्र नाशिक-सांगलीच्या बागांत एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. ऐन उन्हात मांडव उघडा. तेव्हा सावलीसाठी द्राक्षाची नक्कल करू नये. मधुमालती लावावी. ती झपाट्याने पसरते आणि जडही होते, म्हणून खांब भक्कम हवेत. कोवळी वेल वर चढेपर्यंत एखाद-दोन उन्हाळे कळ काढावी लागेल. तेवढा धीर नसेल, तर पर्गोल्याच्या नादी न लागता सरळ कौलं घालावीत.