छोट्या रेल्वेच्या छंदात नवागताची ओळख

जुहूला उपनगरी रेल्वेचे स्वतःचे स्थानक नाही. लोकलसाठी रहिवाशांना विलेपार्ले, अंधेरी किंवा सांताक्रूझ गाठावे लागते. तीच लोकल घरातल्या टेबलावर धावावी, असे ज्याला वाटते, तो छोट्या रेल्वेच्या छंदातला नवागत. त्याने ओळख करून देताच जाणकार विचारतात, 'प्रमाण कोणते?'

'एचओ' हे सर्वाधिक प्रचलित प्रमाण १:८७ आहे, तर 'एन' १:१६०. बारा डब्यांची लोकल सुमारे २५० मीटर लांब असते. एचओमध्ये ती जवळपास तीन मीटर होते, एनमध्ये दीड मीटरहून थोडी अधिक. मुंबईच्या सदनिकेत हा फरक निर्णायक ठरतो.

दुसरा पेच रुळांचा. एचओचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात; ते परदेशातील १,४३५ मिलिमीटरच्या मार्गाला अनुरूप आहेत. मुंबईची लोकल मात्र १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर धावते. त्यासाठी सुमारे १९.३ मिलिमीटरचे रूळ हवेत. म्हणून नवागताला आरंभीच ठरवावे लागते : तयार रुळांवर थोडी तडजोड करायची, की अचूकतेसाठी रूळ स्वतः घडवायचे?

खरेदीपूर्वी पुण्यातील कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहावे. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून साकारलेले हे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले. छोटे शहर, सिग्नल आणि धावत्या गाड्या तेथे एकाच मांडणीत दिसतात. आपल्या घरात यातले किती मावेल, याचा अंदाज तेथेच येतो.