ग्रीन, हेटी (१८३४–१९१६)

अमेरिकेतील विख्यात गुंतवणूकदार स्त्री. पूर्ण नाव हेन्रिएटा हाउलंड रॉबिन्सन ग्रीन. तिचा जन्म मॅसॅचूसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड बंदरी, देवमाशांच्या शिकारीवर व तेलाच्या व्यापारावर गबर झालेल्या क्वेकर घराण्यात झाला. आजोबांची दृष्टी अधू झाल्यामुळे बाजारभावाची वृत्तपत्रे त्यांना वाचून दाखविण्याचे काम या नातीकडे आले, आणि ज्या वयात मुलींच्या हाती शिवणटिपण देण्याचा प्रघात होता त्या वयात रोखे, व्याज आणि दलाली यांची परिभाषा तिच्या तोंडी बसली.

१८६५ मध्ये वडील वारले. आपल्या सुमारे पन्नास-साठ लक्ष डॉलरांच्या मिळकतीपैकी बराचसा भाग त्यांनी, जिला स्वतः व्यवहारात तरबेज केले होते त्या मुलीच्या हवाली न करता, विश्वस्तांच्या स्वाधीन केला होता. काही आठवड्यांतच निवर्तलेल्या सिल्व्हिया हाउलंड या मावशीनेही तोच कित्ता गिरविला. हेटीने मावशीच्या विश्वस्तांवर दावा लावला आणि नंतरची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत अशा आशयाचा, मावशीच्या सहीचा जुना कागद हजर केला. ती सही गिरवलेली आहे, असे प्रतिपक्षाचे म्हणणे पडले. हार्वर्डचे गणिती बेंजामिन पर्स व त्यांचे पुत्र चार्ल्स यांनी साक्ष दिली. सिल्व्हियाच्या ४२ सह्या जोडीजोडीने ताडून, प्रत्येक सहीतील ३० उतरत्या रेघा कितपत जुळतात हे मोजून, सर्वच्या सर्व रेघा अशा तंतोतंत जुळण्याचा योग २,६६६ वर अठरा शून्ये इतक्या वेळांत एकदाच यावा, असा हिशेब पित्याने मांडला. न्यायालयाने १८६८ मध्ये निकाल तिच्या विरुद्ध दिला खरा, पण तो पुराव्याच्या कायद्यातील बारकाव्यावर. सही खरी की खोटी या प्रश्नाला त्याने हात घातलाच नाही.

दरम्यान १८६७ मध्ये तिने एडवर्ड ग्रीन याच्याशी विवाह केला, तो पत्नीच्या द्रव्यावरील हक्क त्याच्याकडून आधी लेखी सोडवून घेऊनच. ही सावधगिरी अनाठायी नव्हती. १८८५ मध्ये जॉन सिस्को आणि पुत्र ही पेढी बुडाली तेव्हा पेढीची सर्वांत मोठी धनको हेटी, आणि सर्वांत मोठा ऋणको तिचाच पती, असे निष्पन्न झाले. आपले रोखे सोडविण्यासाठी तिला त्याचे देणे फेडावे लागले. त्यानंतर दोघे विभक्त राहू लागले, आणि तिने आपले दप्तर केमिकल नॅशनल बँकेत हलविले. तेथे पेट्या व गाठोडी भोवती मांडून ती दिवसभर कागदपत्रे चाळीत बसे.

तिची पद्धती सांगावयास सोपी, आचरण्यास दुष्कर होती. यादवी युद्धानंतर सोन्याचे पाठबळ नसलेल्या सरकारी कागदी चलनावरून लोकांचा विश्वास उडाला असता तिने सरकारी रोखे पडत्या भावाने घेतले. पुढे रेल्वेचे रोखे, शिकागोतील जमिनी व गहाणखते यांत तिचा पैसा गुंतला. उसन्या पैशावर सट्टा करणे तिने कटाक्षाने टाळले आणि हाताशी रोकड सदैव बाळगली. १९०७ च्या आर्थिक अरिष्टात बँकांपुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या असता खुद्द न्यूयॉर्क शहराला अकरा लक्ष डॉलरांचे कर्ज तिने अल्पमुदतीच्या रोख्यांवर दिले.

एकच काळा पोशाख, स्वस्त भाड्याच्या खोल्या आणि कर चुकविण्यासाठी वारंवार बदललेले बिऱ्हाड यांमुळे वृत्तपत्रांनी तिला ‘वॉल स्ट्रीटची चेटकीण’ ठरविले. कृपणपणा खोटा नव्हता. परंतु मुलाचा पाय तिच्या चिक्कूपणामुळे गेला यासारख्या कथा निरनिराळ्या लेखकांच्या हाती निरनिराळे रूप घेतात, त्यामुळे त्या जपूनच वाचाव्यात. तिचा समकालीन धनिक रसेल सेज काही कमी चिक्कू नव्हता, पण त्याच्या सावकारीत कोणाला जादूटोणा दिसला नाही.

न्यूयॉर्क येथे तिचे निधन झाले. मागे राहिलेल्या संपत्तीचा अंदाज दहा ते वीस कोटी डॉलरांचा करण्यात येतो. ती मुलगा नेड व मुलगी सिल्व्हिया यांच्याकडे गेली, आणि १९५१ मध्ये सिल्व्हिया निपुत्रिक वारल्यावर तिच्या मृत्युपत्रान्वये साठांहून अधिक शाळा, रुग्णालये, ग्रंथालये व चर्च यांच्यात वाटली गेली.