पहाटेची गाडी पकडायची आहे? स्टेशनजवळचं हॉटेल निवडताना काय पाहायचं?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून म्हणजे सीएसएमटीहून मडगावकडे जाणारी जनशताब्दी, वंदे भारत आणि तेजस या तिन्ही गाड्या पहाटे ५ ते ६ या तासाभरात सुटतात. मुंबईची लोकल रात्री एकच्या सुमारास थांबते आणि पहाटे पुन्हा सुरू होते. त्यामुळे लांबच्या उपनगरातून किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून येणाऱ्यांसाठी ही वेळ अवघड असते. मग 'आदल्या रात्री स्टेशनजवळच एखादं हॉटेल घेऊ' असा विचार होतो. ॲपवर 'स्टेशनपासून ५०० मीटर' असं वाचून खोली बुक केली जाते आणि पहाटे चार वाजता लक्षात येतं की हॉटेलचं शटर आतून बंद आहे, टॅक्सी मिळत नाही किंवा गाडी दुसऱ्याच टर्मिनसहून सुटणार आहे.

सुट्टीतला मुक्काम आणि गाडीआधीचा मुक्काम यांचे निकष वेगळे असतात. इथे खोली पाच-सहा तासच वापरायची असते. खोली किती छान आहे, यापेक्षा तिथून वेळेत निघून डब्यापर्यंत पोहोचता येतं का, हे महत्त्वाचं ठरतं.

आधी हे तपासा: हॉटेलची गरज आहे का?

अनेकदा गाडी पहिल्या स्टेशनवरूनच पकडायची, असं गृहीत धरलं जातं. पण सीएसएमटीहून कोकणात जाणाऱ्या वंदे भारत आणि जनशताब्दी या दोन्ही गाड्या दादर, ठाणे आणि पनवेलला थांबतात. कल्याण-डोंबिवलीच्या प्रवाशाने सीएसएमटीजवळ खोली घेण्याऐवजी ठाण्याहून गाडी पकडली, तर रात्र घरीच काढता येते.

यासाठी तिकिटावरचं 'बोर्डिंग स्टेशन' तेच असायला हवं. तिकीट काढताना ते निवडता येतं किंवा नंतर ठरलेल्या मुदतीत एकदा बदलता येतं. एकदा बदलल्यावर मूळ स्टेशनवरून त्या जागेवर हक्क राहत नाही. बदल न करता पुढच्या स्टेशनवर चढण्याचा बेत धोक्याचा आहे, कारण प्रवासी आला नाही असं समजून तिकीट तपासनीस ती जागा दुसऱ्याला देऊ शकतो.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. त्या काळात गाड्यांच्या वेळा बदलतात, त्यामुळे मागच्या प्रवासातली वेळ गृहीत धरू नये.

स्टेशन नेमकं कोणतं?

'मुंबई' असं लिहून हॉटेल शोधलं की सगळ्यात मोठी चूक इथेच होते. सीएसएमटी आणि मुंबई सेंट्रल ही दोन वेगळी टर्मिनस आहेत. अहमदाबादकडे जाणारी सकाळची वंदे भारत मुंबई सेंट्रलहून सुटते. उत्तरेकडच्या अनेक गाड्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून निघतात. बोलण्यात त्याला 'कुर्ला टर्मिनस' म्हणतात, पण ते कुर्ल्याचं लोकल स्टेशन नाही. त्याला जवळचं लोकल स्टेशन म्हणजे हार्बर मार्गावरचं टिळकनगर. तसंच वांद्रे टर्मिनस आणि वांद्रे लोकल स्टेशन वेगळी आहेत. खार रोड स्टेशनवरून पादचारी पुलाने वांद्रे टर्मिनसला जाता येतं.

हा घोळ फक्त मुंबईत होतो असं नाही. पुण्यातल्या काही गाड्या पुणे जंक्शनऐवजी हडपसरहून सुटतात. नागपुरात मुख्य स्टेशनशिवाय अजनी आणि इतवारी आहेत. दिल्लीत नवी दिल्ली, जुनी दिल्ली, हजरत निजामुद्दीन आणि आनंद विहार ही चार मोठी स्टेशनं एकमेकांपासून बरीच लांब आहेत. म्हणून हॉटेल शोधताना शहराचं नाव न टाकता तिकिटावर छापलेलं स्टेशनचं पूर्ण नाव टाकावं.

अंतर खोलीपासून डब्यापर्यंत मोजा

ॲपवर दिसणारं अंतर अनेकदा नकाशावरच्या सरळ रेषेचं असतं. प्रत्यक्षात मध्ये रूळ, उड्डाणपूल किंवा मोठा रस्ता असू शकतो. शिवाय ते अंतर स्टेशनच्या खुणेपर्यंतचं असतं, आपल्या डब्यापर्यंतचं नाही.

हा फरक किती मोठा असतो? एलएचबी प्रकारचा एक डबा साधारण २४ मीटर लांब असतो. म्हणजे २२ डब्यांची गाडी इंजिन धरून अर्ध्या किलोमीटरपेक्षा लांब भरते. सीएसएमटीसारख्या टर्मिनसमध्ये रूळ संपतात तिथून प्रवासी फलाटावर येतात. डबा गाडीच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर ही सगळी लांबी सामानासह चालावी लागते. हॉटेल ५०० मीटरवर असलं, तर तेवढंच अंतर पुन्हा फलाटावर असू शकतं.

मोठ्या स्टेशनला दोन बाजू असतात, हेही लक्षात घ्यावं. सीएसएमटीवर लांब पल्ल्याच्या गाड्यांचे फलाट ८ ते १८ क्रमांकाचे आहेत आणि १८ नंबरच्या बाजूने पी. डिमेलो रोडकडून येता येतं. नवी दिल्लीत १ नंबर फलाट पहाडगंजच्या बाजूला, तर १६ नंबर अजमेरी गेटच्या बाजूला आहे. चुकीच्या बाजूच्या हॉटेलातून निघालं, तर सगळे फलाट ओलांडणारा पूल पार करावा लागतो. सोबत वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील, तर गाडी साधारणपणे कोणत्या बाजूच्या फलाटावर लागते हे पाहून हॉटेल निवडलेलं बरं. मात्र फलाट ऐनवेळी बदलू शकतो, म्हणून थोडा वेळ हाताशी ठेवावा.

वंदे भारत आणि तेजसचे दरवाजे आपोआप बंद होतात. सुटलेल्या गाडीच्या मागे धावून चढणं कुठेच सुरक्षित नाही. या गाड्यांमध्ये तर ते शक्यही नाही.

बुकिंगची तारीख कोणती टाकायची?

गाडी १५ तारखेला पहाटे ५ वाजता असेल, तर खोली १४ तारखेची लागते: चेक-इन १४, चेक-आउट १५. प्रवासी १४ च्या रात्री उशिरा, म्हणजे १५ तारखेला रात्री १ वाजता हॉटेलवर पोहोचणार असला, तरी बुकिंग १४ तारखेचंच हवं. १५ तारीख टाकली, तर ती खोली १५ च्या दुपारपासून मिळते. तोपर्यंत गाडी कधीच गेलेली असते.

गाडी रात्री १२ वाजून १० मिनिटांची असेल, तर उलटी चूक होते. १५ तारखेची ००:१० ची गाडी पकडायला १४ च्या रात्रीच स्टेशनवर असावं लागतं. अशा गाडीसाठी रात्रभराची खोली लागत नाही. संध्याकाळपुरती, तासांच्या हिशोबाने मिळणारी खोली पुरते.

रात्री उशिरा पोहोचणार असल्यास हॉटेलला फोन करून तसं कळवावं. प्रवासी आला नाही म्हणून खोली दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

तिकीट वेटिंगवर असेल तर

सकाळच्या गाड्यांचा पहिला आरक्षण तक्ता, म्हणजे चार्ट, आता आदल्या दिवशी संध्याकाळी किंवा रात्री तयार होतो. त्यामुळे तिकीट कन्फर्म झालं की नाही, हे झोपण्यापूर्वी कळतं. पूर्णपणे वेटिंगवर राहिलेलं ई-तिकीट चार्टनंतर आपोआप रद्द होतं आणि त्याचे पैसे परत मिळतात.

हॉटेलचं तसं नसतं. अनेक ठिकाणी मोफत रद्द करण्याची मुदत चेक-इनच्या २४ तास आधी संपते, म्हणजे चार्ट लागण्याच्याही आधी. म्हणून तिकीट कन्फर्म नसेल, तर पैसे परत न मिळणारी स्वस्त खोली शेवटी महाग पडू शकते. अशा वेळी हॉटेलवर पैसे देण्याचा पर्याय किंवा त्याच दिवशी रद्द करता येणारं बुकिंग निवडावं.

स्टेशनमध्येच झोपायची सोय

हॉटेलच्या आधी रेल्वेची रिटायरिंग रूम पाहावी. अनेक मोठ्या स्टेशनांवर खोल्या आणि डॉर्मिटरीतल्या खाटा मिळतात. आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर पीएनआर क्रमांक टाकून बुकिंग होतं. त्यासाठी तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असावं लागतं. जुलै २०२४ पासून रेल्वेच्या रिटायरिंग रूमवर जीएसटी नाही. याउलट, दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी लागतो. अडचण एवढीच, की या खोल्या थोड्या असतात आणि लवकर भरतात. त्यामुळे तिकीट कन्फर्म होताच चौकशी केलेली चांगली.

दुसरा पर्याय पॉड हॉटेलचा. भारतीय रेल्वेचं पहिलं पॉड हॉटेल मुंबई सेंट्रलला १७ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झालं. त्यात ४८ पॉड होते. सुरुवातीचा दर १२ तासांसाठी ९९९ आणि २४ तासांसाठी १,९९९ रुपये होता. नंतर सीएसएमटीवरही अशी सोय झाली. पॉड म्हणजे एका माणसाला झोपता येईल एवढी बंदिस्त जागा. एकट्या प्रवाशाला ती सोयीची पडते. तीन-चार जणांच्या कुटुंबाला मात्र माणशी दर पाहता हॉटेलची खोली स्वस्त पडू शकते.

गाडीला तीन-चार तासच उरले असतील, तर प्रतीक्षालयातही वेळ काढता येतो. तिथे सामानाची काळजी स्वतःच घ्यावी लागते, त्यामुळे एकट्या माणसाला शांत झोप मिळेलच असं नाही.

पैसे भरण्याआधी फोनवर विचारायचे प्रश्न

ॲपवरचे फोटो आणि शेरे पाहून काही गोष्टी कळत नाहीत. त्या एका फोनवर स्पष्ट होतात.

• रात्रभर रिसेप्शनवर कुणी असतं का? पहाटे चारला मुख्य दार कोण उघडणार?

• स्थानिक पत्त्याचं ओळखपत्र चालतं का? काही हॉटेलं त्याच शहराच्या पत्त्याचं आधार कार्ड असलेल्यांना खोली देत नाहीत. विरारच्या किंवा बोरिवलीच्या कुटुंबाला सीएसएमटीजवळ हा अनुभव येऊ शकतो. रात्री अकराला दारातून परत जाण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

• चेक-आउट किती वाजता? दुपारी १२ पर्यंत असेल, तर गाडी उशिरा सुटणार असल्यास खोलीतच थांबता येतं. खोली तासांच्या हिशोबाने असेल, तर जादा पैसे द्यावे लागतात.

• गरम पाणी किती वाजता येतं? लहान हॉटेलांत ते ठरावीक वेळेतच मिळतं आणि ती वेळ अनेकदा सकाळी सहानंतर सुरू होते.

• नाश्ता किती वाजता सुरू होतो? सातनंतर असेल, तर 'नाश्त्यासह' दरासाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही. डबा बांधून मिळतो का, हे विचारावं.

• लिफ्ट आहे का? रस्त्याच्या किंवा रुळांच्या विरुद्ध बाजूची खोली मिळेल का?

परिसर आणि सुरक्षितता

स्टेशनजवळच्या गल्ल्या संध्याकाळी गजबजलेल्या असतात, पण पहाटे चारला तिथे शुकशुकाट असतो. म्हणून मुख्य रस्त्यावरचं, दिवे असलेल्या वाटेवरचं हॉटेल घ्यावं, त्यासाठी दोन-तीनशे रुपये जास्त पडले तरी चालतील. एकट्या प्रवास करणाऱ्या महिलांनी अलीकडचे शेरे वाचावेत, त्यातही महिलांनी लिहिलेले.

स्टेशनबाहेर 'तुमचं हॉटेल बंद झालंय, दुसरं दाखवतो' असं कुणी सांगितलं, तर आधी हॉटेललाच फोन करावा. फोन स्वतःजवळच्या क्रमांकावर आणि स्वतःच्या मोबाइलवरून करावा.

हॉटेल चालत जाण्यापलीकडे असेल, तर पहाटेच्या वाहनाचा विचार आधीच करावा. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत, टॅक्सीच घ्यावी लागते. मुंबईत मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत टॅक्सी आणि रिक्षाला मीटरपेक्षा २५ टक्के जास्त भाडं असतं. ॲपवरची गाडी ऐनवेळी रद्द होऊ शकते. म्हणून लांबच्या आलिशान हॉटेलपेक्षा चालत गाठता येणारं साधं हॉटेल अशा रात्री जास्त उपयोगाचं.

आदल्या रात्री काय करून ठेवायचं?

बिल रात्रीच चुकतं करावं, अनामत रक्कम भरली असेल तर ती परत घ्यावी आणि पहाटे किती वाजता निघणार ते रिसेप्शनवर सांगून ठेवावं. हॉटेलवर पोहोचल्यावर स्टेशनच्या प्रवेशद्वारापर्यंत एकदा चालून यावं. दिवसाउजेडी किंवा संध्याकाळी पाहिलेली वाट पहाटे शोधावी लागत नाही. दोन मोबाइलवर गजर लावावा. खोली सोडण्यापूर्वी १३९ या रेल्वेच्या क्रमांकावर किंवा रेल्वेच्या ॲपवर गाडीची वेळ आणि फलाट पाहावा.

निघायची वेळ उलटी मोजत यावी. गाडी ५:२५ ची असेल आणि २० मिनिटं आधी डब्याजवळ पोहोचायचं असेल, तर ५:०५ ला तिथे असायला हवं. फलाट आणि पूल यांना १५ मिनिटं, स्टेशनपर्यंत चालायला १० मिनिटं आणि हॉटेलातून बाहेर पडायला ५ मिनिटं धरली, तर खोली ४:३५ ला सोडावी लागते. बुक करण्यापूर्वी हाच हिशोब प्रत्येक हॉटेलसाठी करून पाहिला, तर त्यातलं कोणतं खरोखर 'स्टेशनजवळ' आहे ते कळतं.