तार, ताण आणि शेतकऱ्याचे अवजार

‘कुंपणानेच शेत खाल्ले’ ही म्हण ज्या समाजात रुजली, त्या समाजाला कुंपणाचे महत्त्व वेगळे सांगण्याचे कारण नाही. बाभळीच्या फांद्यांची काटवण, निवडुंगाची किंवा शेराची रांग, कोकणात दगडांचा गडगा, अशा साधनांनी आपल्याकडील शेताची राखण पिढ्यान्‌पिढ्या होत आली. त्यासाठी घरात कोयता आणि कुदळ असली की पुरे होई. तारेचे कुंपण आले आणि ही स्थिती पालटली. तार बाजारात विकत मिळते. परंतु ती उलगडून, ताणून, वर्षानुवर्षे ताठ राहील अशी खांबांवर चढविणे ही निराळी विद्या आहे. सरकारी नोकरीत शेताच्या हद्दींचे वाद ऐकण्याचा प्रसंग मला अनेकदा आला. हद्द कोणाची यावर तासन्‌तास बोलणे होई. कुंपण घालणाऱ्या हातांविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नसे. आज त्या हातांविषयी आणि त्यांनी घरच्या घरी घडविलेल्या अवजारांविषयी चार शब्द सांगावेत, असा माझा मानस आहे.

या कथेचा आरंभ अमेरिकेतील विस्तीर्ण गवताळ प्रदेशात होतो. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने तेथे वस्ती करणाऱ्यास १६० एकर सरकारी जमीन मिळू लागली. जमीन मिळाली, पण झाडे नव्हती. कुंपणासाठी लाकूड आणायचे तर ते दुरून आणि महागात. शिवाय गुरे मोकळी चरावयाची आणि पीक ज्याचे त्याने राखावयाचे, अशी तेथील बहुतेक मुलखांत रीत होती. काटेरी झुडपांची वई लावावी, तर ती दाट होण्यास काही वर्षे लागत. साधी गुळगुळीत तार लावून पाहिली. परंतु गुरे तिला खुशाल अंग घाशीत, उन्हाळ्यात ती सैल पडे आणि कडाक्याच्या थंडीत आकसून तुटे.

१८७३ साली इलिनॉय राज्यातील डीकाल्ब येथे भरलेल्या शेतकी प्रदर्शनात एका शेतकऱ्याने लाकडी पट्टीवर अणकुचीदार टोके बसवून केलेले कुंपण मांडले होते. ते पाहणाऱ्यांत जोसेफ ग्लिडन हा साठ वर्षांचा शेतकरी होता. टोके लाकडावर न बसविता तारेवरच बसविली तर, असा विचार त्याच्या मनात आला. त्याने घरातील कॉफी दळण्याच्या गिरणीचा उपयोग करून तारेचे काटे वळले आणि धार लावण्याच्या दगडी चाकाच्या साहाय्याने दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या, असे सांगतात. काटा एका तारेभोवती गुंडाळलेला आणि दुसऱ्या तारेच्या पिळाने जागच्या जागी घट्ट धरलेला, एवढीच ती युक्ती. २४ नोव्हेंबर १८७४ रोजी त्याला तिचे पेटंट मिळाले. ज्या शोधाने एका खंडाचे रूप बदलले, त्याची पहिली यंत्रे स्वयंपाकघरात आणि अंगणात सापडली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे मात्र तार अंगणातून कारखान्यात गेली. १८७६ मध्ये ग्लिडनने आपला उरलेला हक्क मॅसॅच्युसेट्समधील वॉशबर्न अँड मोएन या कंपनीला ६०,००० डॉलर आणि विक्रीवरील मानधन घेऊन विकला. परवान्यावाचून तार काढणाऱ्या लहान कारखानदारांवर कंपनीने दावे लावले. चोरट्या दारूला तिकडे ‘मूनशाइन’ म्हणत. तेच नाव या बिनपरवाना तारेलाही मिळाले! आयोवा राज्यातील शेतकऱ्यांनी तर १८८१ च्या सुमारास संघ स्थापून स्वतःच तार काढण्याचा उद्योग आरंभिला. त्यांची बाजू लढविणारा तरुण वकील आल्बर्ट कमिन्स पुढे त्या राज्याचा गव्हर्नर झाला. अखेर १८९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्लिडनचे पेटंट ग्राह्य ठरविले. पण तोवर त्याची सतरा वर्षांची मुदत संपूनही गेली होती.

इकडे आपली म्हण खरी करणारे प्रकारही घडले. बड्या पशुपालकांनी सरकारी कुरणे आणि पाणवठे तारेने वेढून टाकले. टेक्सासमध्ये १८८३ साली रात्री-बेरात्री तारा कापण्याचे सत्र सुरू झाले. १८८४ मध्ये तेथे कुंपण तोडणे हा गंभीर गुन्हा ठरला, तर १८८५ मध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक जमिनीला बेकायदा कुंपण घालण्यास बंदी केली. ज्या पकडीने शेतकरी तार जोडतो, त्याच पकडीने ती तोडताही येते. अवजाराला स्वतःचा पक्ष नसतो.

या कज्जेखटल्यांत तारेचा मालक कोण हे ठरत होते. तार ताणावी कशी, हा प्रश्न मात्र ज्याचा त्याने सोडवावयाचा होता. कित्येक शेतकरी घोडागाडीचे मागचे चाक जमिनीपासून उचलीत, तारेचे टोक त्याला बांधीत आणि चाक रहाटासारखे फिरवून तार ताणीत. न्यूझीलंडमधील ओतुरेहुआ या खेड्यात अर्नेस्ट हेज नावाच्या, इंग्लंडहून आलेल्या गिरणीवाल्याने १८९५ पासून आपल्या शेतावरच अवजारे घडविण्यास प्रारंभ केला. तारा ताणण्याची त्याची उपकरणे पुढे दूरवर गेली. त्यांच्या मागण्या मिळविण्यासाठी त्याची पत्नी हॅना सायकलवरून डोंगराळ मुलखातील शेते पालथी घालीत असे. गरज शेतातली, शोध शेतातला आणि विक्रीही घरातूनच!

परंतु हेज यांच्यासारखे कसब किती जणांपाशी असणार? लोखंड लोखंडाला जोडणे हे लोहाराचे काम. दोन तुकडे भट्टीत पांढरे होईपर्यंत तापवून ऐरणीवर घणाने एकजीव करावयाचे, त्याला भाता हवा, घण हवा आणि वर्षांचा सराव हवा. १८८० नंतरच्या दशकात रशियन संशोधक निकोलाय बेनार्दोस याने विजेच्या ज्योतीने धातू जोडण्याची रीत काढली. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनमधील ऑस्कर केलबर्ग याने लेप दिलेली सळई सिद्ध केली आणि जोड भरवशाचा झाला. तरीही वीज नसलेल्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? १९३५ मध्ये अमेरिकेत ग्रामीण विद्युतीकरणाचे सरकारी खाते निघाले, तेव्हा तेथील दहा शेतांपैकी सुमारे एकावरच वीज होती. पुढील वीस वर्षांत ती बहुतेक सर्व शेतांवर पोचली आणि तिच्या मागोमाग वेल्डिंगचे यंत्र गोठ्याशेजारच्या पडवीत आले.

मग मोडक्या अवजारांच्या ढिगाकडे शेतकरी नव्या दृष्टीने पाहू लागला. जाड नळीचे एक तोंड जड लोखंडी ठोकळ्याने बंद केले आणि दोन बाजूंना मुठी जोडल्या की लोखंडी खांब ठोकण्याचे साधन तयार होते. ते खांबावर टोपीसारखे बसते, म्हणून घणाचा चुकलेला घाव धरणाऱ्याच्या मनगटावर येत नाही. साध्या तारेचे वेटोळे जमिनीवर ठेवून ओढले, तर प्रत्येक वेढ्यागणिक तारेला एक पीळ पडतो. तेच उभ्या आसावर फिरणाऱ्या चक्रीत ठेवले की तार सरळ निघते. काटेरी तारेच्या रिळात पहार घालून दोन माणसांनी चालावयाचे, त्याऐवजी ट्रॅक्टरमागे चौकट जोडून एकट्याने काम उरकते. एक लहान पिंप, एक दातेरी चाक आणि ते मागे फिरू न देणारी खिटी, एवढ्यात ताणयंत्र होते.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ताणलेली तार सुटली तर चाबकासारखी फिरते आणि डोळा घेऊन जाते. स्प्रिंगच्या पट्टीचे पोलाद जोडून झटकन थंड केले की जोडाशेजारी ठिसूळ होते; दिसावयास सुबक, पण ओढ पडताच मोडते. जस्ताचा मुलामा दिलेली नळी मुलामा न काढता जोडली, तर तिचा धूर छातीत जाऊन रात्री हुडहुडी भरून ताप येतो. घरचे अवजार करणाऱ्याला म्हणूनच दुहेरी जबाबदारी असते: कारागीरही तोच आणि जोड निसटला तर जखमी होणाराही तोच.

आपल्याकडेही आता तालुक्याच्या गावी रस्त्याकडेला वेल्डिंगच्या ठिणग्या उडताना दिसतात. मोडका फाळ घेऊन आलेला शेतकरी तेथे उकिडवा बसून ‘इथं थोडं वाकवा, तिथं एक कडी लावा’ असे सांगत असतो. ते दृश्य पाहिले की मला डीकाल्बची कॉफीची गिरणी आठवते. पेटंटांच्या नोंदवहीत या माणसाचे नाव कधी चढणार नाही. पण जे अवजार त्याने आपल्या हाताच्या मापाने करून घेतले, त्याचा दोष त्याला आधी कळतो आणि दुरुस्तीही त्यालाच सुचते. कुंपण कोणाचे, हे कागदावरून ठरेल. ते उभे राहील किंवा नाही, हे मात्र या माणसाच्या हातांवर अवलंबून आहे.