घर, शाळा आणि प्रश्नाची भाषा

जानेवारी २०२० मध्ये धाराशिव येथे (तेव्हाचे उस्मानाबाद) ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलननगरीला तेरच्या संत गोरोबाकाकांचे नाव होते आणि अध्यक्षस्थानी वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांच्या निवडीला काही संघटनांनी विरोध केला होता. विरोधाचा रोख त्यांच्या धर्मगुरू असण्यावर होता. त्या गदारोळात एका गोष्टीकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. दिब्रिटो नंदाखालच्या सेंट जोसेफ या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकले होते. कॅथलिक शाळा म्हणजे इंग्रजी शाळा, असे समीकरण आज आपल्या मनात रुजले आहे. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

कॅथलिक शिक्षणविचाराची आधुनिक मांडणी द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आढळते. मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आईवडीलच, शाळेतील शिक्षकांनी त्यांच्या सहकार्याने काम करावे आणि विद्यार्थ्याला हळूहळू स्वतःची जबाबदारी पेलता यावी, असे त्याचे सूत्र आहे. विद्यार्थी, पालक आणि शिक्षक या तिघांचे ध्येय एक असावे, हे मान्यच आहे. परंतु हे तिघे भेटणार कोठे? आमच्या मते, पालकालाही प्रश्न विचारता येईल अशा भाषेतच ही भेट शक्य असते.

याचा सर्वांत जुना मराठी दाखला फादर थॉमस स्टीफन्स यांचा आहे. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची लिपी रोमन असली, तरी भाषा मराठी आहे. ग्रंथाची उभारणीच एका प्रश्नावर झाली आहे. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही, असे एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो. या प्रश्नात विनंती आहे, तशी तक्रारही आहे, आणि तिच्यामागची सक्ती आपण नजरेआड करू नये. तरीही शिकणाऱ्या प्रौढाची गरज शिक्षकाने ऐकली आणि त्याच्या ओळखीच्या ओवीत उत्तर दिले, ही घटना लहान नाही.

हा संवाद पुढे राज्यकर्त्यांनीच तोडला. २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक भाषेचा वापर सोडण्यास सांगितले, पोर्तुगीज शिकून घेण्यास तीन वर्षांची मुदत दिली आणि धर्मगुरूंना व शाळामास्तरांना पोर्तुगीजमधूनच शिकवण्याची आज्ञा केली. फर्मानाची अंमलबजावणी पूर्णांशाने झाली नाही. त्यामागची भूमिका मात्र स्पष्ट होती : घराने शाळेची भाषा शिकावी, शाळेने घराची शिकण्याचे कारण नाही.

मराठवाड्यातील वाचकाला हे परके वाटणार नाही. धर्म आणि राजवट वेगळी असली, तरी निजामाच्या हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे होते. शेतकऱ्याच्या घरची मराठी शाळेच्या उंबऱ्याशीच थांबे. म्हणूनच आपल्या जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये निघालेल्या राष्ट्रीय शाळेला मोल आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे शिकवले. गावकरी, विद्यार्थी आणि शिक्षक यांचे ध्येय तेथे एक होऊ शकले, कारण ते एकमेकांशी मराठीत बोलत होते.

वसईत हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, पोर्तुगीज सत्ता गेली. लोकांचा धर्म राहिला आणि कादोडी, वाडवळी या घरगुती बोलीही राहिल्या. १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली. दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले आणि ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. त्या अनुवादाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाने मोठेपणी आपल्या समाजाचा धर्मग्रंथ सोप्या मराठीत आणून ठेवला. शाळेने दिलेले घराला परत मिळते ते असे.

२५ जुलै २०२४ रोजी दिब्रिटो गेले. आज वसईत काय किंवा धाराशिवात काय, पालक मुलांना इंग्रजी शाळेत घालतात. त्यामागे पोटाची चिंता आहे. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हां प्राध्यापकांना नाही. पण पालकसभेत मागच्या बाकावर गप्प बसणारी आणि प्रगतिपुस्तकावर नुसती सही करून परतणारी आई आपण सर्वांनी पाहिलेली आहे. घोषणापत्र तिला पहिली शिक्षिका म्हणते. शाळेच्या ध्येयांचा फलक भिंतीवर लावण्याआधी तो तिला वाचता येईल का आणि त्यावर तिला काही विचारता येईल का, एवढे तरी शाळेने पाहावे. ‘ख्रिस्तपुराणा’तील त्या श्रोत्याला हे चारशे वर्षांपूर्वी विचारता आले होते.